धर्माचा रकाना आणि माणसाची श्रद्धा

कलकत्त्याच्या दक्षिण भागात डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही बाजूंस बेहाला ही दाट वस्ती पसरली आहे. तिच्यातील बरिशा येथे सावर्ण रायचौधुरी घराण्याची दुर्गापूजा १६१० पासून चालत आल्याचे सांगितले जाते. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क १६९८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली करणारे तेच हे जमीनदार घराणे. देवी आणि जमीनदारी एकाच अंगणात नांदल्याचे याहून जुने उदाहरण त्या शहरात क्वचितच सापडेल.

त्याच बरिशात २०२० च्या शरदात बरिशा क्लबने एक वेगळी दुर्गा उभी केली. रिंटू दास यांची कल्पना आणि पल्लव भौमिक यांचे शिल्प. सिंहावर आरूढ होऊन महिषासुराला मारणारी देवी तेथे नव्हती. होती ती टाळेबंदीत गावाकडे पायी निघालेली मजूर बाई. कडेवर उघड्या अंगाचे मूल, सोबत मुली. पूजेचा विषय होता ‘त्राण’, म्हणजे संकटात मिळणारी मदत. ज्या देवीकडे जगाने त्राण मागायचे, तीच येथे त्राण मागण्यासाठी वाट चालत होती.

त्या वाटेची ओळख मराठी वाचकांना करून देण्याची गरज नाही. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे जालना–औरंगाबाद लोहमार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. पुढे सप्टेंबरमध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने संसदेत सांगितले की, टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर मेले याची आकडेवारी सरकारजवळ नाही. सरकारने ज्यांची मोजणीही केली नाही, त्यांना बेहालातील एका क्लबाने देवीच्या जागी बसविले. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्या वर्षी प्रेक्षकांना मांडवात प्रवेश नव्हता; लोकांनी जे पाहिले ते बाहेरूनच.

त्या मूर्तीपुढे ज्याचे हात जुळले, त्याने नमस्कार कोणाला केला? शास्त्रात अशा देवीचे ध्यान नाही, पुराणात तिची कथा नाही. मुसलमान गवंड्याच्या बायकोनेही तीत स्वतःला ओळखावे, अशी ती मूर्ती होती. आणि तरीही तिच्यापुढे मनात जे उमटते त्याला ‘कलेचा आस्वाद’ एवढेच म्हणून भागत नाही. त्याला श्रद्धा हाच शब्द जवळचा आहे. ही श्रद्धा कोणत्या धर्माच्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न वरकरणी तात्त्विक वाटला तरी आज त्याला अत्यंत व्यावहारिक धार आली आहे.

बंगालमध्ये हा प्रश्न दोनशे वर्षांपासून विचारला जात आहे. राममोहन राय यांनी १८२८ साली ब्राह्मसभा स्थापन केली ती मूर्ती, पुरोहित आणि संप्रदाय यांच्या पलीकडच्या एका ईश्वराच्या उपासनेसाठी. परंतु जन्माच्या धर्माबाहेर पाऊल टाकताच पहिली अडचण आली ती लग्नाची. ब्राह्म पद्धतीने झालेला विवाह कायद्याने वैध आहे काय, याची खात्री कोणी देईना. केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांनी चळवळ केली आणि १८७२ चा तिसरा अधिनियम अस्तित्वात आला. त्यात वधूवरांना असे जाहीर करावे लागे की, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही. श्रद्धा बाळगण्याची मुभा मिळाली, परंतु आठ नकारांवर सही करून. देवेंद्रनाथ ठाकूर यांच्या आदि ब्राह्म समाजाने तर, आम्ही हिंदूच आहोत, असे म्हणून या कायद्याला विरोध केला.

हा इतिहास केवळ गौरवाचा नाही. ज्या समाजाने धर्मांच्या भिंती ओलांडल्या, त्याच्यात १८६६ साली फूट पडली. वेदीवर बसणाऱ्या आचार्याच्या गळ्यात जानवे असावे की नसावे, हा त्या फुटीतील कळीचा वाद होता. १८७८ साली केशवचंद्रांनी आपल्या अल्पवयीन मुलीचा विवाह कूचबिहारच्या राजपुत्राशी लावून दिला. १८७२ च्या ज्या कायद्यासाठी ते स्वतः झगडले, त्याने ठरविलेल्या वयोमर्यादेपेक्षा ती लहान होती. समाज पुन्हा फुटला. जातीची आणि मालमत्तेची मुळे जमिनीत तशीच राहिली, तर ईश्वराची कल्पना कितीही शुद्ध केली तरी ती मुळे पुन्हा अंकुरतात. पुढे हा समाज शहरातील सुशिक्षित भद्रलोकांचा एक आदरणीय, परंतु मर्यादित वर्ग होऊन राहिला. याउलट, नदियाच्या आणि कुष्ट्याच्या खेड्यांतून विणकर-शेतकऱ्यांमध्ये वावरणारा लालन फकीर १८९० साली वारला तेव्हा तो हिंदू की मुसलमान, हे निश्चितपणे कोणालाही सांगता येईना. त्याला कोणत्याही अधिनियमाची गरज पडली नाही. पण त्याच्या पंथाला दोन्हीकडच्या कर्मठांचा जाच मात्र सोसावा लागला.

महाराष्ट्रातही जवळजवळ याच काळात दोन वाटा फुटल्या. १८४९ साली मुंबईत निघालेली परमहंस मंडळी जात मोडण्याची शपथ घेई, परंतु गुप्तपणे. १८६० साली मंडळीची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटतील या भीतीने दाणादाण उडाली आणि मंडळी संपली. तिच्या अवशेषांतून १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला. त्याने बरेच काही चांगले केले, पण सभ्यतेची चौकट त्याने ओलांडली नाही. दुसरी वाट जोतीराव फुले यांची. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका’त त्यांनी असे एक घर कल्पिले आहे की, ज्यात बाई बौद्ध, तिचा नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असूनही सारे प्रेमाने एकत्र राहतात. जोतीराव नास्तिक नव्हते. निर्मिकावर त्यांची श्रद्धा होती. परंतु त्या श्रद्धेला मध्यस्थ नको होता. शेटजी-भटजींची शेतकऱ्याच्या मिळकतीवरची पकड सोडविणे, हा तिचाच भाग होता. ब्राह्म समाज आणि सत्यशोधक समाज यांतील हा फरक मूलभूत आहे. धर्मापलीकडची श्रद्धा कोणाच्या बाजूने उभी राहते, यावरच तिची किंमत ठरते.

आता वर्तमानाकडे पाहू. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी एका जनहित याचिकेवर महत्त्वाचा निर्णय दिला. अर्जदारांची येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती, परंतु ख्रिस्ती धर्म किंवा अन्य कोणताही संघटित धर्म त्यांना मान्य नव्हता. आपण ‘कोणत्याही धर्माचे नाही’ अशी नोंद राजपत्रात व्हावी, एवढीच त्यांची मागणी. शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. ‘धर्म नसणे’ हा धर्म मानता येणार नाही, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि कोणत्याही व्यक्तीस कोणत्याही अर्जात धर्म जाहीर करण्याची सक्ती राज्यसंस्थेला करता येणार नाही, असे स्पष्ट केले. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी येते आणि धर्माचे आचरण त्यानंतर, हा क्रम विसरता कामा नये.

यातील मुख्य गोष्ट अशी की, हे अर्जदार निरीश्वरवादी नव्हते. श्रद्धा त्यांना हवी होती. शिक्का नको होता. कलकत्त्याच्या बेथून महाविद्यालयानेही २०१९ साली प्रवेश अर्जातील धर्माच्या रकान्यात ‘मानवता’ हा पर्याय ठेवला. १८४९ साली मुलींसाठी सुरू झालेल्या शाळेतून वाढलेल्या संस्थेने हे करावे, याला औचित्य आहे. परंतु एका महाविद्यालयाचा अर्ज बदलला म्हणून राज्यसंस्थेचा अर्ज बदलत नाही.

किंबहुना तो उलट दिशेने बदलत आहे. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून आलेल्या सहा समुदायांची नावे घेतो: हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती. मुसलमानांना वगळणे हा त्यामागील उघड हेतू; त्यावर या देशात पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु या यादीत आणखी एक माणूस नाही, त्याच्याविषयी फारसे बोलले गेले नाही. तो म्हणजे धर्म सोडलेला माणूस. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ढाक्यात लेखक अभिजित रॉय यांना धर्मांधांनी कोयत्यांनी तोडून मारले, ते त्यांच्या विवेकवादी लेखनासाठी. असा छळ टाळण्यासाठी जो सीमा ओलांडून येईल, त्याला आश्रय हवा असल्यास जन्माचा धर्म पुन्हा अंगावर चढवावा लागेल. आणि तो जन्माने मुसलमान असेल, तर तेवढाही मार्ग त्याला उरत नाही. बेहाला आणि भोवतालचा दक्षिण कलकत्ता हा फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी मोठ्या प्रमाणावर वसविलेला मुलूख आहे. तेथील त्याच बरिशा क्लबने २०२१ साली फाळणी आणि नागरिकत्वाचा प्रश्न हाच पूजेचा विषय केला, यात आश्चर्य नाही. वाटणीतल्या आईला गंगा मिळत नाही, अशा अर्थाची बंगालीत म्हण आहे. तिच्यावरून त्या पूजेचे नाव होते ‘भागेर मा’.

लग्नाचा प्रश्न तर १८७२ पासून आजतागायत पुरता सुटलेला नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म नाकारल्याची प्रतिज्ञा काढून टाकली, हे मोठेच पाऊल. परंतु ३० दिवसांची जाहीर नोटीस त्यात राहिली. ही नोटीस आज नातेवाइकांच्या आणि धर्मांध टोळ्यांच्या हातातील हत्यार झाली आहे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती’ नेमून अशा जोडप्यांची माहिती गोळा करण्याचे ठरविले. जोतीरावांनी कल्पिलेले ते घर आज प्रत्यक्षात उभे राहिले, तर त्याच्या दारात पहिल्यांदा कोण येऊन उभे राहील, हे सांगायला नको.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ‘धर्म नाही’ असे लिहिणे कोणाला परवडते? सवर्णाने रकाना कोरा ठेवला तरी त्याचे आडनाव, त्याचे नातेसंबंध, त्याच्या आजोबांनी घेतलेले घर ही सारी भांडवले शाबूत राहतात. दलिताची गोष्ट वेगळी आहे. १९५० चा अनुसूचित जाती आदेश सांगतो की, हिंदू, शीख अथवा बौद्ध याहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. शिखांचा समावेश १९५६ साली झाला, बौद्धांचा १९९० साली. मग कोणताच धर्म न मानणाऱ्याचे काय? या वाक्यात त्याचे सरळ उत्तर नाही. कचेरीत जातीचा दाखला मागायला गेलेल्या भूमिहीन मजुराच्या मुलीला ही संदिग्धता परवडणारी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. पण ते एकाकी, निराकार श्रद्धेकडे वळले नाहीत. १९५६ साली नागपुरात लाखो माणसांना बरोबर घेऊन ते बौद्ध झाले. धर्म ही खाजगी बाब असेल, परंतु धम्म हा माणसामाणसांतील व्यवहार आहे, हे त्यांचे प्रतिपादन येथे मार्गदर्शक ठरते. शोषिताला नकारापेक्षा नवी बिरादरी अधिक आवश्यक असते.

दुसरा धोका बाजाराचा. ‘आम्ही धार्मिक नाही, आध्यात्मिक आहोत’ हे वाक्य अलीकडे सुखवस्तू वर्गात प्रतिष्ठेचे झाले आहे. शुल्क भरून मिळणारी शांती, शिबिरात वाटले जाणारे ध्यान, कामगारकपात करणाऱ्या व्यवस्थापकाच्या मनावरचा ताण हलका करणारे प्रवचन हे सारे कोणत्याही एका धर्माचे नाही, हे खरे. परंतु म्हणून ते मुक्तिदायी ठरत नाही. पश्चिम बंगालचेच एक उदाहरण घ्या. सर्व धर्म एकाच सत्याकडे नेतात, असे सांगणाऱ्या रामकृष्ण मिशनने रहडा येथील आपल्या महाविद्यालयाच्या कारभारावरून उद्भवलेल्या खटल्यात, आपण हिंदूंहून निराळा अल्पसंख्य धर्म आहोत, असा दावा केला. राज्याचे नियम आपल्या शिक्षणसंस्थांना लागू होऊ नयेत, हा त्यामागचा उद्देश होता. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दावा अमान्य केला. धर्मापलीकडे गेल्याचा पुकारा आणि धर्माच्या नावावरील सवलत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात, एवढाच याचा अर्थ.

मग या पत्राच्या वाचकांनी, म्हणजे पक्षाच्या सभासदांनी, अशा श्रद्धेकडे कसे पाहावे? काही साथी चटकन म्हणतील की, हा मध्यमवर्गीय भाबडेपणा आहे. ईश्वर नाही म्हटले की प्रश्न मिटला. मार्क्सवादाची शिकवण इतकी सोपी नाही. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या मजकुरातील अफूचा उल्लेख सर्वांना पाठ आहे, त्यातच मार्क्सने धर्म हा खऱ्या दुःखाचा उद्गार आणि त्या दुःखाविरुद्धचा निषेधही आहे, असे मांडले आहे. तो भाग फारसा कोणी सांगत नाही. लेनिनने १९०५ साली मागणी केली ती अशी की, सरकारी कागदपत्रांत नागरिकाच्या धर्माचा उल्लेखसुद्धा असता कामा नये. १९०९ साली त्यांनी हेही बजावले की, संपात उतरलेल्या श्रद्धाळू कामगाराशी ईश्वराच्या अस्तित्वावर हुज्जत घालून संप फोडणारा माणूस मालकाचेच काम करतो. पक्षाचे तत्त्वज्ञान भौतिकवादी आहे आणि ते सभासदांना समजावून सांगण्याचे काम कधीही थांबत नाही. परंतु श्रद्धाळू श्रमिकासाठी पक्षाचे दार बंद नाही. बंद करायचे आहे ते श्रद्धेच्या नावावर माणसामाणसांत उभारलेल्या भिंतींचे राजकारण.

आणि येथे स्वतःच्या घराकडे वळून पाहणे भाग आहे. सभेत पुरोगामी ठराव मांडणाऱ्या कित्येकांच्या घरी लग्न सकाळी निबंधकाकडे आणि संध्याकाळी भटजीपुढे लागते. ‘घरच्यांच्या समाधानासाठी’ हा खुलासा नेहमी तयार असतो. घरच्यांपैकी एखादी मुलगी मात्र खरोखरीच धर्म ओलांडून लग्न करू पाहते, किंवा एखादा म्हातारा, माझे क्रियाकर्म करू नका, असे सांगून जातो, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहायला किती साथी असतात? धर्म आपल्या माणसाला जन्मापासून स्मशानापर्यंत एकटे सोडत नाही. त्याच्या ताकदीचे रहस्य त्याच्या तत्त्वज्ञानात कमी आणि या सोबतीत अधिक आहे. जो धर्म सोडतो, त्याला ती सोबत दुसऱ्या कोणीतरी दिली पाहिजे. ती मिळाली नाही, तर तो पुन्हा त्याच दारात जाईल किंवा शुल्क घेणाऱ्या बाबाकडे जाईल.

बंगालमधील चळवळीने या दिशेने एक वस्तुपाठ घालून दिला आहे. ज्योती बसू यांचे १७ जानेवारी २०१० रोजी निधन झाले, तेव्हा लाखोंनी त्यांना निरोप दिला. पण चिता पेटली नाही. त्यांचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी रुग्णालयाच्या स्वाधीन करण्यात आला. ८ ऑगस्ट २०२४ रोजी बुद्धदेव भट्टाचार्य गेले, त्यांच्या बाबतीतही तेच घडले. मरणालासुद्धा धर्माच्या रकान्याबाहेर काढता येते आणि तरीही ते सन्मानाचे, सामुदायिक आणि गंभीर राहू शकते, हे तेथे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. अशा प्रथा गावोगाव, वस्तीवस्तीत रुजवाव्या लागतील. विवाहाच्या नोटिशीच्या ३० दिवसांत जोडप्याला आसरा देणे, शाळेच्या अर्जात धर्म लिहिण्यास नकार देणाऱ्या पालकाबरोबर मुख्याध्यापकांकडे जाणे, उच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवणे, ही सारी कामे लहान दिसतात. परंतु त्यांतूनच बिरादरी घडते.

एक काम तर जवळ येऊन ठेपले आहे. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. २०११ च्या गणनेत सहा धर्मांना संकेतांक होते. ज्यांचा धर्म नोंदला गेला नाही अशांची संख्या सुमारे २८ लाख ६७ हजार भरली, तर झारखंड आणि शेजारच्या राज्यांतील जवळजवळ ४९ लाख ५७ हजार आदिवासींनी सहाही खाने नाकारून ‘सरना’ असे लिहविले. आदिवासींवर हिंदुत्वाचा शिक्का मारू पाहणाऱ्यांना ही संख्या खुपते. प्रगणक दारात येईल तेव्हा अनेक घरांतून तो न विचारताच रकाना भरून पुढे जातो, हा नेहमीचा अनुभव. विचारल्याशिवाय लिहू न देणे, सांगितले तेच लिहिले गेले काय हे पाहणे आणि जातीची नोंद मात्र अचूक करून घेणे, हे प्रत्येक शाखेचे काम ठरावे. श्रद्धेबाबत माणसाला मौनाचा हक्क आहे. जातीच्या अन्यायाबाबत ते मौन परवडणार नाही.

दरवर्षी पूजेच्या दिवसांत कलकत्त्यातील मांडवांच्या जवळपास पक्षाची पुस्तकविक्रीची दालने लागतात. कार्यकर्ते मूर्तीपुढे आरती करीत नाहीत आणि गर्दीकडे पाठही फिरवीत नाहीत. मुलाला खांद्यावर घेऊन आलेला बाप देवी पाहून परतताना तेथे थांबतो, एखादी स्वस्त पुस्तिका चाळतो, कधी विकत घेतो. बेहालातील त्या मजूर मातेने जे त्राण मागितले, ते देण्याचे सामर्थ्य कोणत्याही मूर्तीत नाही. तिला हवा होता थकलेला रोज, घरी जाणारी गाडी आणि आपल्या मृतांची सरकारदरबारी नोंद. परंतु तिच्यापुढे ज्याचे डोळे पाणावले, त्याला श्रद्धेचे नाव विचारीत न बसता त्याच्याशी त्या रोजाविषयी बोलायला सुरुवात करता येते. मांडवाबाहेरची ही जागा सोडता कामा नये.